उजव्या कळीची यादी : संक्षेपाचा भाषाशास्त्रीय विचार

संगणकावरील फाइलींची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यक्रमात एखाद्या फाइलीवर माऊसची उजवी कळ दाबली असता जी आज्ञांची यादी उघडते, ती लहान व सुबोध कशी करावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि ही यादी शब्दांचीच बनलेली असते. तिच्यातील प्रत्येक ओळ हे एक वाक्य, किंवा अधिक काटेकोरपणे बोलावयाचे तर वाक्याचा उत्तरार्ध असतो. आणि ते वाक्य चुकीचे वाचले गेल्यास होणारे नुकसान पुष्कळदा भरून येण्यासारखे नसते. या कारणास्तव प्रस्तुत विषयाचा भाषाशास्त्राच्या अंगाने विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

या विचारास निमित्त झाली ती एक घटना प्रथम नमूद करतो. जालना जिल्ह्याच्या उत्तरेस व पूर्वेस, म्हणजे भोकरदन व जाफ्राबाद या तालुक्यांत, मराठवाडी बोली हळूहळू वऱ्हाडी वळण घेऊ लागते. बुलढाणा जिल्ह्याची सीमा तेथे लागून आहे. या संक्रमणपट्ट्यातील क्रियापदरूपांचा अभ्यास करणारी आमची एक विद्यार्थिनी जाफ्राबाद तालुक्यातील एका वृद्ध स्त्रीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून घेऊन आली. ध्वनिमुद्रकातील फाइलींना यंत्राने दिलेली आकड्यांची नावे होती. त्यांच्या जागी गावाचे नाव व दिनांक घालावा, एवढाच तिचा हेतू होता. तिने मुद्रक संगणकास जोडला, सर्व फाइली एकदम निवडल्या, उजवी कळ दाबली. वीसहून अधिक ओळींची यादी उघडली. 'नाव बदला' ही आज्ञा खालून दुसरी असते, हे तिच्या हाताला ठाऊक होते. हात एक ओळ वर पडला, आणि तेथे 'हटवा' ही आज्ञा होती. संगणकाने इंग्रजीत काही विचारले. असे प्रश्न दिवसातून दहादा येतात व त्यांना होकार देण्याची सवय झालेली असते, तसा तो याही वेळी दिला गेला. फाइली गेल्या. त्या कचरापेटीतही सापडल्या नाहीत. पुन्हा जाऊन मुद्रण करावे असे ठरत असतानाच त्या आजीबाई वारल्याचे कळले.

विद्यार्थिनीने स्वतःस दोष दिला. मीही त्या दिवशी तोच दिला. परंतु नंतर ती यादी शांतपणे पाहिली, तेव्हा दोषाची वाटणी काहीशी निराळी करावी लागते असे दिसून आले. नाव बदलणे ही निरुपद्रवी क्रिया व फाइल नष्ट करणे ही विनाशक क्रिया यांना त्या यादीने एकमेकींच्या शेजारी, एकाच आकाराच्या ओळीत, कोणताही भेद न दाखविता बसविले होते. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ साली मांडलेल्या वर्गीकरणाप्रमाणे हा समजुतीचा दोष नव्हे, तर घसरण होय : मनात योग्य ते होते, हातून भलते घडले. समजुतीच्या दोषावर शिकवणी हा उपाय असतो. घसरणीवर मात्र रचनेतच उपाय करावा लागतो.

यादीची उत्पत्ती

माऊसच्या कळीने जागच्या जागी उघडणारी यादी ही कल्पना १९७० नंतरच्या दशकातील असून तिचे जन्मस्थान अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीचे पालो आल्टो येथील संशोधन केंद्र होय. स्मॉलटॉक या भाषेच्या परिसरात ती प्रथम रूढ झाली. त्याच केंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाचा लेखनसंपादक तयार केला, आणि त्यात एक नियम पाळला : वापरणाराने प्रथम वस्तू निवडावी व मग क्रिया सांगावी. त्यापूर्वीच्या पुष्कळ व्यवस्थांत क्रिया आधी सांगावी लागे. 'पूस' अशी आज्ञा द्यावयाची आणि मग काय पुसावयाचे ते दाखवावयाचे. यामुळे मधल्या अवस्थेत संगणक कोणत्या भूमिकेत आहे याचा विसर पडून घोटाळे होत.

मराठी भाषकाने या ठिकाणी क्षणभर थांबावे. इंग्रजीचा आज्ञार्थ क्रियापदाने सुरू होतो व कर्म मागाहून येते. मराठीत कर्म आधी व क्रियापद अखेरीस. 'फाइल उघड', 'नाव बदल', 'दार लाव' ही आपली स्वाभाविक रचना. टेस्लरप्रभृतींनी जी रीत प्रयोगांती सोयीची ठरविली ती आपल्या वाक्यरचनेच्या क्रमाशी तंतोतंत जुळते. फाइलीवर बोट ठेवणे हे कर्म. यादीतून निवडणे हे क्रियापद. उजव्या कळीची यादी मराठी वाक्य उच्चारते, असे म्हणावयास हरकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक परिभाषेत तर या यादीतील आज्ञांना 'क्रियापदे' असेच म्हणतात, आणि उघडणे, छापणे, गुणधर्म दाखविणे यांसारख्या मूलभूत आज्ञांना 'प्रमाण क्रियापदे' अशी संज्ञा आहे.

सामान्य जनांच्या हाती ही सोय आली ती विंडोज ९५ मुळे, म्हणजे ऑगस्ट १९९५ मध्ये. ॲपलच्या मॅकिंटॉशचा माऊस एका कळीचा होता. तेथे १९९७ च्या मॅक ओएस ८ पासून कंट्रोल कळ धरून हीच यादी उघडता येऊ लागली. प्रारंभी यादी लहान होती. ती वाढली कशी, हे पाहिल्याशिवाय ती कमी कशी करावी याचा उलगडा होणार नाही.

विंडोजमध्ये बाहेरच्या कोणत्याही कार्यक्रमास स्वतःच्या आज्ञा या यादीत घालण्याची मुभा असते. फाइली आवळून बांधणारा कार्यक्रम बसविला की त्याच्या तीनचार ओळी येतात. विषाणुरोधकाची एक ओळ येते. दूरस्थ साठवणीच्या सेवेच्या दोन येतात. गाणी वाजविणारा कार्यक्रम आपल्या दोन घालतो. या नोंदी रजिस्ट्री नावाच्या मध्यवर्ती दप्तरात होतात. त्यांपैकी काही साध्या, लिखित आज्ञा असतात; काही मात्र स्वतंत्र उपकार्यक्रम असतात, आणि यादी उघडताना त्यांना प्रत्येक वेळी जागे करून 'तुला काय घालावयाचे आहे' असे विचारावे लागते. यादी उघडण्यास विलंब लागतो तो बहुधा याच कारणाने. प्रत्येक कार्यक्रमाच्या दृष्टीने त्याची आज्ञा महत्त्वाची असते. एकूण यादीची जबाबदारी मात्र कोणाकडेच नसते. चावडीवरील सूचनाफलकावर प्रत्येकाने आपला कागद चिकटवावा आणि मूळची दवंडी दिसेनाशी व्हावी, तशातलाच हा प्रकार.

लांबीची किंमत

यादी लांब असल्याने नेमके काय बिघडते? या प्रश्नाचे उत्तर तीन निरनिराळ्या नियमांनी द्यावे लागते, व त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

पहिला नियम विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये व रे हायमन यांनी १९५३ मध्ये मांडला. अनेक पर्यायांतून एक निवडण्यास लागणारा वेळ पर्यायांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही, तर तिच्या लॉगरिथमच्या प्रमाणात वाढतो. सात पर्याय असता निर्णयाचे माप तीन धरले, तर एकतीस पर्यायांस ते पाच होते. यावरून लांब यादी फारशी महाग नाही असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. परंतु हा नियम पर्याय व त्यांच्या जागा पूर्ण परिचित असतील तेव्हाच लागू पडतो. अपरिचित यादीत डोळा एकेक ओळ वाचीत खाली जातो, आणि तेथे वेळ ओळींच्या संख्येबरोबर सरळ वाढतो. नवा कार्यक्रम बसविला, की यादीतील जागा हलतात, आणि परिचित यादी पुन्हा अपरिचित होते. म्हणजे लांबीपेक्षाही अस्थैर्य अधिक महाग पडते.

दुसरा नियम पॉल फिट्स यांचा, १९५४ चा. लक्ष्य जितके दूर व जितके लहान, तितका तेथे हात नेण्यास वेळ अधिक. यादीच्या तळाशी असलेली आज्ञा माऊसच्या टोकापासून सर्वांत दूर असते. नाव बदलणे, हटविणे या नित्याच्या क्रिया विंडोजच्या जुन्या यादीत तळाशीच होत्या. मधली सर्व जागा पाहुण्यांनी व्यापली होती.

तिसरी गोष्ट नियमापेक्षा अनुभवाची. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००० मध्ये क्वचित लागणाऱ्या आज्ञा आपोआप लपविणारी, वापराप्रमाणे बदलणारी यादी आणली गेली. हेतू संक्षेपाचाच होता. परंतु काल जेथे होती तेथे आज आज्ञा नाही, असा अनुभव लोकांना येऊ लागला. २००७ च्या आवृत्तीत मुख्य कार्यक्रमांतील या याद्याच गेल्या व त्यांच्या जागी फितीसारखी नवी मांडणी आली. बदलत्या क्रमाच्या याद्या स्थिर याद्यांपेक्षा मंद ठरतात, असे मिचेल व श्नायडरमन यांच्या १९८९ च्या प्रयोगांतून दिसून आलेच होते. संक्षेप करावा, पण तो एकदाच करावा आणि मग स्थिर ठेवावा, एवढा बोध यातून निघतो.

आकांक्षा, योग्यता, संनिधी

कोणती ओळ ठेवावी व कोणती काढावी, यास कसोटी कोणती? या बाबतीत आपल्या परंपरेतील शाब्दबोधाचा विचार आश्चर्यकारक रीतीने उपयोगी पडतो. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात वाक्यार्थाच्या ज्ञानास तीन कारणे सांगितली आहेत : आकांक्षा, योग्यता व संनिधी. केवळ 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' एवढे म्हटल्याने वाक्य होत नाही, कारण त्या पदांना परस्परांची अपेक्षा नाही. 'विस्तवाने शिंपतो' यात अपेक्षा आहे पण योग्यता नाही. आणि 'गाय' आता म्हणून 'आण' प्रहराने म्हटले, तर संनिधी नाही. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच बोध होतो.

फाइल निवडणे हे कर्मपद उच्चारणे होय. ते उच्चारताच क्रियापदाची आकांक्षा उत्पन्न होते. ध्वनिमुद्रणाच्या फाइलीस कोणत्या क्रियांची आकांक्षा असते? ऐकणे, दुसरीकडे प्रत ठेवणे, नाव देणे, हलविणे, टाकून देणे, तिच्याविषयी माहिती पाहणे. 'अमुक कंपनीच्या सेवेत वर चढवा' ही आकांक्षा फाइलीची नव्हे, कंपनीची होय. ही पहिली चाळणी लावली की पाहुण्या ओळींपैकी पुष्कळशा गळतात.

दुसरी चाळणी योग्यतेची. चित्राच्या फाइलीवर 'उजवीकडे फिरवा' ही आज्ञा योग्य. ध्वनीच्या फाइलीवर ती विस्तवाने शिंपण्यासारखी. चांगली व्यवस्था फाइलीचा प्रकार पाहूनच आज्ञा दाखविते. मात्र या वेळी योग्य नसलेली आज्ञा पूर्ण लपवावी की फिकट करून जागेवर ठेवावी, हा प्रश्न उरतो. फाइलीच्या प्रकारासच जी कधीही लागू नाही ती लपवावी. जी लागू आहे पण या क्षणी शक्य नाही, उदाहरणार्थ आधी काही उचललेले नसताना 'येथे ठेवा', ती फिकट ठेवावी. असे केल्याने इतर ओळींच्या जागा हलत नाहीत.

तिसरी चाळणी संनिधीची. विंडोज ११ (ऑक्टोबर २०२१) मध्ये मायक्रोसॉफ्टने यादीची फेररचना केली. नित्याच्या आज्ञा टोकापासून दूर आहेत, 'उघडा' व 'यासह उघडा' यांसारख्या सजातीय आज्ञा एकत्र नाहीत, बाहेरच्या कार्यक्रमांच्या ओळी कोणत्याही व्यवस्थेविना पसरल्या आहेत, अशी कारणे कंपनीने दिली, व ती सर्व खरी होती. कापणे, प्रत घेणे, नाव बदलणे, पाठविणे, हटविणे या आज्ञा माऊसच्या टोकाजवळ चित्ररूपाने आडव्या ओळीत आल्या. बाकीची जुनी यादी 'आणखी पर्याय दाखवा' या एका ओळीच्या मागे गेली. परिणाम संमिश्र झाला. ज्यांच्या रोजच्या आज्ञा त्या ओळीमागे गेल्या त्यांना प्रत्येक वेळी एक पायरी अधिक चढावी लागू लागली : 'गाय' आता व 'आण' पुढच्या दारी, असे झाले. आणि शब्द काढून केवळ चित्रे ठेवल्याने कोणते चित्र कशाचे, हा नवा प्रश्न उभा राहिला. २०२४ च्या २४एच२ या आवृत्तीत त्या चित्रांना पुन्हा शब्दांची जोड द्यावी लागली. शब्द वगळणे म्हणजे सुलभीकरण नव्हे, हे भाषेच्या अभ्यासकास समाधान देणारे अनुमान आहे.

याच संदर्भात पाणिनीय परंपरेतील अनुवृत्तीचे स्मरण होते. अष्टाध्यायीत एका सूत्रात आलेले पद पुढील सूत्रांत पुन्हा न उच्चारता गृहीत धरले जाते, आणि त्यामुळे सूत्र लहान राहते. यादीतील प्रत्येक आज्ञेस निवडलेल्या फाइलीची अनुवृत्ती असते. म्हणून 'फाइल उघडा', 'फाइल हलवा' असे लिहिणे अनावश्यक. 'उघडा', 'हलवा' पुरे. लाघव साधावे ते अशा ठिकाणी, जेथे गाळलेले पद वाचकाच्या समोरच असते. जेथे ते नसते तेथे लाघव घातक होते.

मराठी ओळींचा प्रश्न

आता आपल्या भाषेकडे वळू. गनोम व केडीई या मुक्त व्यवस्थांची मराठी रूपांतरे स्वयंसेवकांच्या व काही संस्थांच्या श्रमाने झालेली आहेत, आणि विंडोजलाही मराठीचा जोडसंच मिळतो. हे काम मोठे आहे व त्याविषयी कृतज्ञताच असली पाहिजे. तथापि त्यातील शब्दयोजना तपासण्याचे काम विद्यापीठीय विभागांनी फारसे अंगावर घेतलेले नाही.

पहिला विचार 'हटवा' या शब्दाचा. वर सांगितलेल्या घटनेचे मूळ येथे आहे. संगणकाच्या स्वतःच्या तबकडीवरील फाइल 'हटविली' तर ती कचरापेटीत जाते व परत आणता येते. पेनड्राइव्हसारख्या काढघालीच्या साठ्यावरील फाइल 'हटविली' तर विंडोजमध्ये ती कचरापेटीत न जाता कायमची जाते. क्रिया दोन, त्यांची फळे परस्परविरुद्ध, आणि शब्द एकच. गनोम व केडीई यांनी हा भेद शब्दांतच राखला आहे : 'कचरापेटीत हलविणे' ही एक आज्ञा व 'कायमचे नष्ट करणे' ही दुसरी. गनोममध्ये ही दुसरी आज्ञा मुळात दिसतच नाही; हवी असल्यास पसंतीच्या पानावरून मागून घ्यावी लागते. केडीईच्या डॉल्फिनमध्ये शिफ्ट कळ धरली असता पहिलीच्या जागी दुसरी येते. पेनड्राइव्हवरही या व्यवस्था शक्यतो त्याच साठ्यावर एक लपलेली कचरापेटी निर्माण करतात. विद्यार्थिनीच्या समोर त्या दिवशी 'कायमचे नष्ट करा' असे शब्द यादीतच असते, तर हात घसरला असता तरी पुढच्या प्रश्नास तिने डोळे उघडून उत्तर दिले असते, असे मला वाटते.

दुसरा विचार 'कापा' व 'चिकटवा' यांचा. ही रूपके हस्तलिखिताच्या कागदाचे तुकडे कात्रीने कापून दुसऱ्या कागदावर डकविण्याच्या संपादकीय रीतीतून आली. मजकुराच्या बाबतीत ती बरी चालतात. फाइलीच्या बाबतीत मात्र 'कापा' म्हटल्याने काहीच कापले जात नाही. फाइल फिकट दिसते एवढेच, आणि 'चिकटवा' म्हणेपर्यंत ती जागची हलत नाही. नवशिक्यास 'कापा' हा शब्द भयप्रद वाटतो, व म्हणून तो प्रत घेतो, चिकटवितो, आणि मग मूळ फाइल हटवितो. एका निरुपद्रवी स्थलांतरासाठी तो नेमकी घातक आज्ञा वापरतो. गनोममध्ये 'येथे हलवा' व 'येथे प्रत ठेवा' अशा अर्थाच्या, ठिकाण विचारणाऱ्या सरळ आज्ञा आहेत. त्या ठेवून कात्री व डिंक मजकुराकरिता राखून ठेवावेत, हे अधिक इष्ट.

'कॉपी' या शब्दास आपल्याकडे 'नक्कल' हा जुना कचेरीतील शब्द आहे. सातबाराची नक्कल मागणारा शेतकरी तो रोज वापरतो. निजामी राजवटीत, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत, मराठवाड्यातील दप्तराची भाषा उर्दू असल्याने तो येथे विशेष रुजला. परंतु 'नक्कल करा' याचा बोलीतील अर्थ 'चाळे करा' असाही होतो. त्यापेक्षा 'प्रत' हा शब्द निःसंदिग्ध आहे. परिभाषेचा प्रश्न केवळ शुद्धतेचा नसतो. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून भाषा संचालनालयाच्या १९६२ च्या पदनाम कोशापर्यंत हा प्रयत्न चालत आलेला आहे, आणि त्यांतील जे शब्द टिकले ते लोकांच्या तोंडी बसले म्हणून टिकले. 'पुनर्नामित करा' हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. 'नाव बदला' हे निर्दोष असून शिवाय एका दृष्टिक्षेपात वाचता येते.

तिसरा विचार 'करा' या साहाय्यक क्रियापदाचा. 'कॉपी करा, कट करा, पेस्ट करा, शेअर करा, स्कॅन करा' अशी यादी झाली की प्रत्येक ओळीचा अर्धा भाग समान होतो. डोळ्यास भेद करण्यास ओळीचा प्रारंभच उरतो, आणि तोही परक्या शब्दाचा. उलट 'उघडा, हलवा, टाका' या साध्या धातूंची रूपे लहान व परस्परभिन्न असतात. इंग्रजीत 'उघडा'च्या तीनचार जाती एकाच शब्दाने सुरू होतात. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने 'यासह उघडा', 'फाइलचे स्थान उघडा' यांचे प्रारंभ आपोआप वेगळे पडतात. हा आपल्या रचनेचा लाभ आहे, तो सोडू नये.

चौथा विचार आज्ञार्थाचा. 'कचरापेटी रिकामी करा' हे वाक्य कोण कोणास म्हणतो? आपण संगणकास म्हणतो, असा संकेत आहे. परंतु एस. टी. च्या गाडीतील व कचेरीतील फलकांनी आपणांस अशा वाक्यांची सवय निराळी लाविली आहे : तेथे फलक आपणांस सांगतो. त्यामुळे संगणकाशी नव्याने परिचय होणारा वाचक ही ओळ आपणास दिलेली सूचना समजू शकतो. यावर 'उघडणे, हलविणे' अशी धातुसाधित नामे वापरण्याचा उपाय आहे. पण ती रूपे लांब होतात व 'उघडा'ची रूढी आता पक्की झाली आहे. मला आज्ञार्थच ठेवावा असे वाटते. मात्र विनाशक आज्ञेपुरते तरी कर्म व फल दोन्ही सांगावे. तेथे अनुवृत्तीवर विसंबू नये.

शेवटची बाब कळफलकाची. इंग्रजी याद्यांत अधोरेखित अक्षराची कळ दाबून आज्ञा देता येते. मराठी रूपांतरांत पुष्कळदा ओळीच्या शेवटी कंसात एक रोमन अक्षर ठेवलेले आढळते. ज्यास इन्स्क्रिप्ट कळफलक येतो त्याला त्याचा उपयोग नाही, आणि ज्यास रोमन अक्षरे परकी आहेत त्याला तो केवळ अडथळा. ते गाळल्याने प्रत्येक ओळ हलकी होईल.

व्यवहारात काय करावे

प्रबंधाचे साहित्य हाताळणाऱ्या विद्यार्थ्याच्या संगणकावर यादी कशी असावी, याचा एक आराखडा सुचवितो. पहिल्या गटात 'उघडा' व 'यासह उघडा'. दुसऱ्यात 'प्रत ठेवा', 'हलवा' व 'नाव बदला'. तिसऱ्यात 'माहिती'. नंतर रेघ, आणि रेघेखाली एकटीच 'कचरापेटीत टाका'. एकूण सात ओळी. 'कायमचे नष्ट करा' ही यादीत नसावी. नाव बदलणे व टाकणे यांच्यामध्ये एक निरुपद्रवी ओळ व एक रेघ असल्याने हात एक ओळ घसरला तरी फार तर माहितीचे पान उघडेल.

हा आराखडा सर्वच व्यवस्थांत तंतोतंत उतरेल असे नाही, परंतु जवळ जाता येते. डॉल्फिनच्या जुळवणीत यादीसाठी स्वतंत्र पान असून तेथे नको त्या ओळींपुढील खूण काढली की काम होते. विंडोजमध्ये पाहुण्या ओळी प्रथम त्या त्या कार्यक्रमाच्या स्वतःच्या जुळवणीतून बंद कराव्यात. पुष्कळ कार्यक्रमांत तशी सोय असते. ती नसल्यास निर सोफर यांचे शेल-एक्स-व्ह्यू हे विनामूल्य साधन उपकार्यक्रमांची यादी दाखविते व एकेक बंद करू देते. बंद केलेले पुन्हा चालू करता येते, हा त्याचा मोठा गुण. रजिस्ट्रीत स्वतः हात घालण्यापूर्वी मात्र तिची प्रत काढून ठेवावी. एखादी आज्ञा पूर्ण न काढता शिफ्ट धरल्यावरच दिसावी अशीही नोंद तेथे करता येते. क्वचित लागणाऱ्या आज्ञांसाठी हा मध्यम मार्ग चांगला.

या विचारावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. जाणत्या वापरणारास लांब यादीच सोयीची असते. त्याच्यासाठी ती कापणे म्हणजे अज्ञ्यास केंद्र मानून जाणत्यास शिक्षा करणे होय. याचे उत्तर असे की कोणाची यादी किती असावी हे कंपनीने दूरवरून ठरवू नये, वापरणाराने ठरवावे. परंतु जोपर्यंत त्याने काही ठरविलेले नाही तोपर्यंतची मूळ स्थिती सुरक्षित असावी. विभागातील सामाईक संगणकावर, जेथे दिवसभरात अनेक हात येतात, ही सुरक्षित मूळ स्थितीच कायम राहिली पाहिजे.

गनोम व केडीई यांच्या मराठी ओळी साध्या मजकुराच्या फाइलींत उपलब्ध असतात व त्यांवर दुरुस्त्या सुचविता येतात. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी परिभाषेच्या स्वाध्यायासाठी एकेक यादी घ्यावी, तिच्यातील प्रत्येक ओळ आकांक्षा, योग्यता व संनिधी या कसोट्यांवर तपासावी, गावाकडे जाऊन ती दोनचार जणांकडून मोठ्याने वाचवून घ्यावी, आणि मग दुरुस्ती पाठवावी. लोक 'फाइल उडाली', 'डिलीट मारलं' असे म्हणतात. त्या बोलण्यात क्रियेच्या फलाची जी जाण आहे ती आपल्या छापील ओळींत उतरावयास हवी.

आमच्या विभागापुरता नियम मात्र त्या घटनेनंतर लगेच झाला. क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाच्या फाइलीस मुद्रकावर असताना हात लावावयाचा नाही. प्रथम दोन ठिकाणी प्रती; मूळ फाइल केवळ वाचनापुरती; नाव बदलावयाचे ते प्रतीचे. जाफ्राबादच्या त्या ओव्यांपैकी काही विद्यार्थिनीच्या वहीत हाताने टिपलेल्या असल्यामुळे शब्द उरले आहेत. ज्या स्वरांच्या लांबीसाठी ते मुद्रण केले होते, ते स्वर वहीत नाहीत.